पहिल्या ओढीची जोडी

धुरपताबाईंचं नाव आमच्या शिवारात आता फारसं कोणी घेत नाही. माझ्यासमोर तर मुळीच नाही. हा लोकांचा चांगुलपणा, आणि तो मला रोज टोचतो. कुणीतरी एकदा मला चारचौघांत फाडून काढलं असतं तर बरं झालं असतं. पण रिटायर झालेल्या हेडक्लार्कला आमच्याकडे कोणी फाडून काढत नाही. त्याला खुर्ची देतात.

मी विष्णुपंत. हिंगोलीच्या एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आणि मग शिरड शहापूरच्या वडिलोपार्जित रानात येऊन राहिलो. रानात हळद होतीच. त्यात शेततळं खोदलं, प्लास्टिक अंथरलं आणि डोक्यात काय किडा शिरला कोण जाणे, मासे सोडले, चिलापी जातीचे. आमच्या घरात मासा शिजत नाही, चिरत नाही, त्याचं नावसुद्धा संध्याकाळी घेत नाहीत. बायकोने तळ्याकडे जाण्याची चप्पल वेगळी काढून दिली आणि आंघोळीची बादली अंगणात ठेवली. शेजारचे तळेवाले खाजा मिया मला भेटले की हटकून विचारायचे, "काय पंत, तुमचे मासे एकादशी पाळतात का न्हाई?" मी हसायचो. मनातून मला ते आवडायचं. सगळ्या पंचक्रोशीत मासेवाला बामण एकच होता, आणि तो मी होतो.

पण पहिलं वर्षभर मी माशाला हात लावला नव्हता हेही खरं. काठावर उभं राहून मी खाद्य फेकायचो आणि वहीत तारखा लिहायचो. माशाबद्दल जे काही हाताने कळायचं ते धुरपताबाईंच्या हाताने कळायचं.

धुरपताबाई भोयाच्या. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने काटक, कासोटा घट्ट, दात थोडे पुढे, आवाज कायम हळू. त्यांचा नवरा असताना दोघांनी मिळून एक ओढायचं जाळं विणलं होतं, आमच्या कुठल्याही तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पुरेल एवढं. नवरा गेल्यावर बाई, त्यांचा दीर आणि दोन जावा मिळून ते ओढायच्या. आमच्या शिवारात सहा तळी, सहा तळ्यांचा एक गट आणि सहाही तळ्यांना जाळं एकच. ज्याला मासे काढायचे त्याने धुरपताबाईंना निरोप धाडायचा.

त्या मासा कसा बघायच्या ते मी कितीतरी वेळा पाहिलंय. जाळ्यातून एक उचलायच्या, डोक्यामागे दोन बोटं, पोट तळहाताकडे. आधी डोळा. मग अंगठ्याने कल्ला जरासा उघडून आतला रंग. मग मासा तसाच सैल धरायच्या आणि त्याचं शेपूट मनगटावर कसं आपटतंय ते बघायच्या. तिथंच सगळं कळायचं त्यांना. कुठल्या तळ्याला खाद्य कमी पडलंय, कुठलं पाणी बदलायला झालंय, कुणी उगाच गर्दी करून ठेवलीय. सांगायच्या मात्र त्या तळ्याच्या मालकालाच. पहिल्या वर्षी मी त्यांना सहज विचारलं होतं, "खाजाभाईंचे मासे केवढे झालेत हो?" बाई जाळं झटकता झटकता थांबल्या आणि म्हणाल्या, "पंत, आज तुमाला त्यांचं सांगितलं तर उद्या त्यांना तुमचं सांगावं लागंल." मी कचेरीतला माणूस, एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाला सांगण्यात हयात गेलेली. मला ते ऐकून गंमत वाटली. एवढीशी बाई, आणि केवढी ही शिस्त!

सहा जणांचे ताळेबंद जिच्यासमोर उघडे असतात तिला असंच राहावं लागतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ती बोलकी असती तर तिला दुसऱ्यांदा कुणी बोलावलं नसतं.

आता त्या जोडीबद्दल सांगतो.

आमच्याकडे पूर्वी नवी विहीर पाडली की तिच्यात दोन मासे आणून सोडायचे. पाणी स्वच्छ राहतं, किडे राहत नाहीत. पुढं तळी आली आणि गटात त्याचीच एक रीत पडून गेली. तळ्यातून वर्षातली पहिली ओढ निघाली, जाळं ओढून पहिले मासे वर आले की मालकाने बाकीच्या प्रत्येक तळ्याला एकेक जिवंत जोडी पाठवायची. समोरच्याने ती आपल्या पाण्यात सोडायची. म्हणजे आमच्या पाण्याला तुमचं पाणी परकं नाही, असा त्याचा अर्थ. जोडी न्यायचा मान जाळंवालीचा. धुरपताबाई झाकणाची बादली डोक्यावर घेऊन बांधाबांधाने जायच्या, जोडी पाण्यात सोडायच्या, आणि त्या घरची बाई त्यांच्या पदरात सूपभर ज्वारी घालायची. खाजा मियांच्या फातिमाबी तर त्यांना बसवून चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. जोडी आली नाही तर लोक आठवडाभर तेच बोलत बसायचे. पंतांचं काय बिघडलं? भांडण झालं का? तळ्यात काही आहे का?

गेल्याच्या गेल्या वर्षी मी गटाचा अध्यक्ष होतो. अध्यक्षपण माझ्याकडे आलं कारण बाकी कुणाला अर्ज लिहायला आवडत नव्हतं. पण पद आलं की माणूस फुगतो, तसा मीही फुगलो. खाजा मियांनी सांगितलं होतं, "पंत, चिलापीचं बीज मी आनतो तितूनच घ्या. तपासल्याचा कागद मागा. जास्त दूर पडतं, तकलीफ आहे, पन बराबर राहतं." मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. मी नरसीच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या एका टेम्पोतून बीज घेतलं. फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पिल्लं इतकी चपळ फिरत होती की कागद मागायचं मला सुचलंही नाही. आणि गटाच्या बैठकीत मी छाती पुढे काढून सांगितलं की आता मला बीजातलं कळायला लागलंय.

मासे वाढले, हे खोटं नाही. होळी झाली, हळद शिजवायच्या कढया लागल्या, तेव्हा एकेक मासा माझ्या पंजापेक्षा मोठा होता. मी पहिल्या ओढीचा दिवस ठरवला. तालुक्याहून दोन पाहुणे बोलावले, छापील पत्रक काढलं, मांडव घातला.

ओढीच्या चार दिवस आधी सकाळी पाण्यावर सात मासे उलटे तरंगत होते.

हवा कमी पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीसेक होते. जे जिवंत होते त्यांतले काही काठाशी येऊन नुसते डुलत होते, खाद्याकडे बघत नव्हते. अंग काळवंडलेलं, कुठं कुठं खरचटल्यासारखे डाग. मी फडक्याने धरून एक उचलला. त्याचा डोळा पांढुरका पडला होता आणि आत गेला होता. फडकं टाकून मी हात धुतले. मग खड्डा केला, हळदीच्या कडेला, मेलेले मासे त्यात टाकले, वर चुना पसरला आणि माती ओढली. चुना टाकायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आत कुठंतरी मला ठाऊक होतं, की ही गोष्ट नुसत्या हवेची नाही. पुढं मी कितीही नाही म्हणालो तरी तो चुना माझ्याविरुद्ध साक्ष देतो.

ओढ पुढं ढकलता आली असती. एक फोन करून पाहुण्यांना नको म्हणता आलं असतं. पण खाजा मियांना काय सांगायचं? की तुम्ही म्हणालात तेच झालं? एवढंच माझ्या जिवावर आलं होतं. दुसरं काहीसुद्धा नाही.

ओढीच्या दिवशी माणसं जमली. धुरपताबाईंनी जाळं ओढून आणलं, मांडवात टाळ्या झाल्या. बाईंनी जोडीसाठी एक मासा उचलला, डोळा बघितला आणि तो खाली सोडला. दुसरा उचलला. तिसरा उचलला, सैल धरला. तो त्यांच्या हातात गुमान पडून राहिला. त्या कमरेएवढ्या पाण्यातून चालत माझ्या बाजूच्या काठाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पंत, यंदा जोडी न्यायची न्हाई."

"का हो?"

"डोळा बघा याचा. कल्ला बघा. ह्ये पानी कुनाच्या पान्यात जाऊ द्यायचं न्हाई."

"उन्हाने झालंय ते."

"उन्हानं डोळा पिकत न्हाई, पंत."

पाहुणे मागे खुर्चीवर बसले होते. खाजा मिया कुणाशी तरी बोलत हसत होते. त्यांची नजर आमच्याकडे वळायच्या आत हे संपायला हवं होतं. मी आवाज दाबून म्हणालो, "धुरपताबाई, जोडी गेली नाही तर लोक काय म्हणतील? त्यातल्या त्यात बऱ्या बघून घ्या. माझ्या तळ्यावर माझं ऐका."

हे शेवटचं वाक्य मी कचेरीतल्या शिपायाला बोलायचो त्या सुरात बोललो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. त्यांनी मान खाली घातली, "तळं तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि परत जाळ्याकडे गेल्या. पाच जोड्या त्यांनी निवडून निवडून काढल्या. त्याला फार वेळ लागला. मी मांडवात जाऊन पाहुण्यांना चहा दिला.

दहा-बारा दिवसांनी खाजा मियांच्या तळ्यात मासे मरायला लागले.

खाजा मियांचं त्या तळ्यावर लेकरासारखं प्रेम होतं. पहाटेची नमाज झाली की ते खाद्याचा डबा घेऊन काठावर यायचे, डब्यावर दोन टिचक्या मारायचे आणि सगळं तळं त्यांच्या पायाशी गोळा व्हायचं. त्यात चार-पाच वर्षांचे जुने मोठे मासे होते, ते कधीच विकले नव्हते. मी गेलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे राहून परडीने मेलेले गोळा करत होते. मला बघून म्हणाले, "पंत, टिचकी वाजवली तर वर येऊन राहिले, पन खाऊन न्हाई राहिले. मरायला येऊन राहिले." आणि रडले. साठीच्या माणसाला असं रडताना बघून मीही रडलो. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

मग तिसरं तळं, मग पाचवं. जिथं जिथं चिलापी होती तिथं तिथं.

रोग कुठून आला हे शोधायला आमच्या लोकांना दोन दिवस लागले. जोडी प्रत्येक तळ्यात धुरपताबाईंच्या हाताने पडली होती. जाळं प्रत्येक तळ्यात धुरपताबाईंचं फिरलं होतं. माझ्याही तळ्यात मासे मेले, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे मीही मार खाल्लेल्यांतलाच. मी कुणालाच सांगितलं नव्हतं की माझे आधी मेले. कुणीतरी म्हणालं, बाईच्या हाताला मरी लागली. आणि ते शिवारभर झालं.

माझ्या साडूची मुलगी अनुश्री मत्स्यविज्ञान शिकते. मी तिला बोलावून घेतलं. तिने सगळ्या तळ्यांतून मासे घेतले, बारीक तुकडे बाटल्यांत भरून तपासणीला पाठवले. उत्तर आलं ते व्हायरसचं. चिलापीला धरणारा व्हायरस. माणसाला त्याचं काही होत नाही, रोहू-कटल्याला सहसा होत नाही, पण चिलापीला औषध नाही. तळं रिकामं करा, मेलेले खोल पुरा, ब्लिचिंग टाका, वाळवा. माझ्या ओट्यावर बसून तिने हे सगळं सांगितलं आणि मग सहज विचारलं, "काका, तुमच्याकडे पहिला मासा कधी मेला?"

"ओढीनंतर," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मी तारीख लिहितो."

मग ती शिकवल्यासारखं म्हणाली, "ओल्या जाळ्यानेसुद्धा हा रोग एका तळ्यातून दुसऱ्यात जातो."

एवढं वाक्य मला पुरलं. त्या आठवड्यात मला जो भेटेल त्याला मी गंभीर चेहरा करून सांगत सुटलो, "जाळ्याने पसरतं बरं का. शास्त्रच आहे ते." धुरपताबाई प्रत्येक तळ्यानंतर जाळं दोन दिवस कडक उन्हात बाभळीवर वाळत घालायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी सांगत सुटलो. नाव त्यांचं घेतलं नाही, ते घ्यायची गरजच नव्हती. गावात जाळं एकच.

लोकांनी त्यांना खाजा मियांच्या तळ्यावर बोलावून विचारलं. मी होतो तिथं. पाचव्या तळ्याच्या मिराबाई तावातावाने म्हणाल्या, "धुरपते, खरं सांग. पंताच्या तळ्यात ओढ काढली तवा मासा कसा व्हता?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "एका तळ्याची गोष्ट मी दुसऱ्या तळ्यावर कधी बोलले का? आज काहून बोलू?"

"म्हंजे तुझ्याच हातानं झालं म्हनायचं का?"

"मी काईच म्हनत न्हाई."

मी माझ्या चपलेकडे बघत उभा राहिलो. तळ्याकडे जायची ती वेगळी चप्पल. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. बैठक संपल्यावर मात्र मी सगळ्यांना म्हणालो की वाद नको, शांतपणे घ्या. अध्यक्ष होतो ना.

गटाने ठरवलं की ते जाळं जाळून टाकायचं आणि बाईंना कुठल्याच तळ्यावर बोलवायचं नाही. ठरावाचा कागद मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे.

जाळायचं ठरलं ते खाजा मियांच्या रिकाम्या तळ्याच्या काठावर, दुपारी, सगळ्यांच्या देखत. तळ्याच्या बुडाला ब्लिचिंग पांढरं पसरलेलं होतं, डोळे झोंबत होते. धुरपताबाई जाळं स्वतः घेऊन आल्या. कुणी ओढून आणायला जायची वेळ येऊ दिली नाही. दीर बरोबर होता, तो ओझं घ्यायला पुढं आला तर त्याला नको म्हणाल्या. जाळं खाली ठेवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. जाळ्यात जिथं जिथं कधी फाटलं होतं तिथं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने गाठी होत्या. मी ते जाळं इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

मिराबाईंनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. अध्यक्षांनी लावायची.

मला इथं लिहायला आवडलं असतं की माझा आत्मा जागा झाला वगैरे. तसं काही झालं नाही. दोन काड्या विझल्या, आणि तिसरी काडी काढताना मला एकदम वाटलं की हे आपल्याच्याने होत नाही. मी पेटी खाली टाकली. म्हणालो, "जाळू नका. रोग माझ्या तळ्यातला आहे."

मग मी सगळं सांगितलं. ओढीच्या चार दिवस आधी मासे मेले. मी ते पुरले. चुना टाकला. टेम्पोतलं बीज, कागद नाही. अनुश्रीला खोटी तारीख सांगितली. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. खोटं धरून ठेवलेला माणूस एकदा सोडायला लागला की त्याला त्यात एक प्रकारचं सुख व्हायला लागतं, तसं मला होत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मिराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. आणि त्या भरात मी म्हणालो, "या बाईचा काडीचा दोष नाही. हिने मला बजावलं होतं. मासा हातात धरून, डोळा दाखवून सांगितलं होतं, पंत, ही जोडी न्यायची नाही. मी ऐकलं नाही. मी हिला गप्प बसवलं!"

मला वाटलं होतं, आता खाजा मिया माझ्या अंगावर येतील. मी त्याला तयार होतो. हवंच होतं ते मला.

खाजा मिया माझ्याकडे वळलेच नाहीत. ते धुरपताबाईंकडे वळले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाई, तुमाला ठाऊक व्हतं?"

बाईंनी खाली ठेवलेल्या जाळ्याकडे बघितलं.

"मासा बिमार आहे, ठाऊक व्हतं?"

"व्हय," धुरपताबाई म्हणाल्या.

"माझ्या घरात बसून तुमी चहा पेल्या त्या दिवशी. फातिमानं पाजला. जोडी सोडून आल्या आन चहा पेल्या." ते थांबले. "माझ्या पान्यात काहून सोडली, बाई?"

तळं पंतांचं, शब्द पंतांचा, हे त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि मला कळलं की मी काय करून बसलोय. इतके दिवस लोक त्यांच्यावर जो आळ घेत होते तो खोटा होता, आणि खोट्या आळाखाली त्या मान ताठ ठेवून उभ्या होत्या. माझ्या तोंडून तो खरा झाला. लोकांसमोर त्यांची मान पहिल्यांदा खाली गेली.

"सांगायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

खाजा मियांनी हाताने इशारा केला. "ते जाळं उचला. जाळू नका. घेऊन जा." आणि घराकडे चालायला लागले. दिराने जाळं उचललं. या वेळी बाईंनी त्याला नको म्हटलं नाही.

आता मजा बघा. मला काय शिक्षा झाली? काहीच नाही. आठ-पंधरा दिवस लोक तुटक वागले, मग म्हणायला लागले की पंतांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, त्याला मोठं मन लागतं. खाजा मियांकडे मी पुन्हा गेलो, पाया पडायच्या तयारीने गेलो. त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, "निदान तुमी बोलले तरी, पंत." अध्यक्षपण माझ्याकडेच राहिलं. हिंगोलीला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात मला बोलायला नेलं, विषय असा की तळ्यात रोग आला तर लपवू नका. मी माझीच गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला नारळ आणि शाल दिली. ती शाल मी घरी आणली आणि बायकोने कपाटात ठेवली. तिने विचारलं, "धुरपताबाईंचं काय झालं हो?" मी म्हणालो, "ठीक आहे त्यांचं."

मला ठाऊक नव्हतं. मी चौकशीच केली नव्हती.

तळी वर्षभर वाळली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा बीज सोडलं, या वेळी कागद बघून. जोडी पाठवायची रीत गटाने बंद केली, ते योग्यच झालं. ओढीचे दिवस आले तेव्हा कुणीतरी वसमतकडची माणसं ठरवली. तरणी माणसं, त्यांचं जाळं नवं. ती मासा पेटीत टाकतात आणि पुढचा उचलतात. डोळा बघायला त्यांना सांगितलेलं नाही. मी बैठकीत एकदा धुरपताबाईंचं नाव काढलं. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मिराबाई म्हणाल्या, "पंत, तुमी भोळे आहात. ठाऊक असून सोडनारी बाई ती." मी भोळा!

मग मी एकटाच त्यांना शोधत गेलो. त्या हिंगोलीला मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळद निवडायला जातात असं कळलं. मोठ्या शेडमध्ये बायकांची रांग बसली होती, सगळ्यांच्या अंगावर, पापण्यांवर पिवळी धूळ. धुरपताबाई शेवटी होत्या. मला बघून उठल्या, हात झटकले, बाहेर आल्या. "पंत, चहा घेता का?" असं त्यांनीच विचारलं. मी नको म्हणालो. चहा म्हटल्यावर दोघांनाही फातिमाबी आठवल्या असणार. निदान मला आठवल्या.

मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात माझ्या तळ्याची ओढ आहे. तुम्ही या. गटाचं गटापाशी, माझ्या तळ्यावर जाळं तुमचंच पडेल."

त्यांनी विचार केला. खरंच केला, उगाच केल्यासारखा नाही. मग विचारलं, "खाजा मिया बोलवतील का मला?"

मी बाहीवर बसलेली पिवळी धूळ झटकली.

"मिराबाई?"

"आज नाही," मी म्हणालो. "पण हळूहळू..."

"जाऊ द्या. तुमच्या एका तळ्यासाठी जाळं काहून भिजवू, पंत?" यात टोमणा नव्हता. चार माणसं, दिवसभराचं काम, बाईंनी मनातल्या मनात हिशेब घातला आणि तो जमला नाही, इतकं साधं ते उत्तर होतं.

मी निघालो. शेडच्या दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. तिथं थांबून, माझ्याकडे न बघता, नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमी तुमचं सांगायचं व्हतं, पंत. माझं काहून सांगितलं?"

बस यायला वेळ होता. मी एसटी स्टँडवर तासभर बसून राहिलो आणि त्या प्रश्नाचं एकच उत्तर मला सापडत राहिलं. मासे माझ्याकडे मेले, मी पुरले, मी जोडी पाठवली, एवढ्यावर माझा गुन्हा पुरा होत होता आणि त्या सुटत होत्या. बजावल्याची गोष्ट मी त्यांच्यासाठी सांगितली नव्हती. लोक थक्क होऊन ऐकत होते, म्हणून सांगितली.